एकाच फॉर्ममधून १९६ फ्लॅटची माहिती सेव्ह करताना ओळी का घसरतात?

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्यात घोडबंदर रोडवर, कासारवडवलीच्या एका सोसायटीत सात विंग आहेत. प्रत्येक विंगमध्ये २८ फ्लॅट, म्हणजे एकूण १९६. खजिनदारांनी स्वतः पीएचपी (सर्व्हरवर चालणारी प्रोग्रामिंगची भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) वापरून महिन्याच्या बिलांची छोटी प्रणाली बनवली. एका पानावर १९६ ओळी; प्रत्येक ओळीत लपवलेला आयडी, पाण्याच्या मीटरचं रीडिंग, दुचाकी, चारचाकी आणि थकबाकीतली दुरुस्ती. खाली एकच ‘सेव्ह करा’. हे बरेच महिने बिनतक्रार चाललं. गेल्या महिन्यात त्यांनी ‘फ्लॅट भाड्याने दिला आहे’ असा एक चेकबॉक्स वाढवला, ३४ फ्लॅटना टिक केली आणि बिलं काढली. तर ए विंगमधल्या झाडून सगळ्या घरांना आणि बी विंगमधल्या पहिल्या सहा घरांना नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे भाड्याने दिलेल्या फ्लॅटवरचं शुल्क, लागले. जी-७०२, ७०३ आणि ७०४ यांचं रीडिंग जुनंच राहिलं. जी-७०१ चे चारचाकीचे पैसे गायब झाले. एक चेकबॉक्स वाढवल्याने एवढं सगळं कसं बिघडलं, आणि एका फॉर्ममधून अनेक रेकॉर्ड बदलायची खात्रीची पद्धत कोणती?

तुम्ही आकडे नेमके दिलेत म्हणून आधी निदान पूर्ण करू. यात दोष दोन आहेत आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. चेकबॉक्समुळे ते एकाच दिवशी उघडे पडले एवढंच.

पहिला दोष नावांचा. तुमच्या फॉर्ममध्ये फील्डची नावं रिकाम्या कंसाची आहेत: आयडी[], रीडिंग[], दुचाकी[], चारचाकी[], दुरुस्ती[] आणि आता भाडे[]. रिकामा कंस दिसला की पीएचपी येईल त्या किमतीला पुढचा क्रमांक देतं. १९६ आयडी आले, त्यांना ० ते १९५ क्रमांक लागले. १९६ रीडिंग आली, त्यांनाही तेच. मग तुमचा लूप पाचव्या आयडीला पाचवं रीडिंग लावतो. हे जमतं, कारण मजकुराचं फील्ड रिकामं असलं तरी ब्राउझर ते पाठवतोच. चेकबॉक्सचं तसं नाही. टिक नसेल तर ब्राउझर त्या चेकबॉक्सबद्दल काहीच पाठवत नाही, ‘नाही’ असंसुद्धा कळवत नाही. त्यामुळे ३४ टिक फॉर्ममध्ये कुठेही विखुरलेल्या असल्या तरी सर्व्हरवर त्या ० ते ३३ अशा सलग बसतात. ० ते २७ म्हणजे तुमची ए विंग. २८ ते ३३ म्हणजे बी विंगची पहिली सहा घरं. ज्यांनी फ्लॅट खरोखर भाड्याने दिलेत त्यांच्यापैकी बरेच जण सुटले आणि स्वतःच्या घरात राहणाऱ्यांना भुर्दंड बसला.

दुसरा दोष मोजणीचा. एका विनंतीत जास्तीत जास्त किती फील्ड स्वीकारायची यावर पीएचपीमध्ये मर्यादा आहे. त्या सेटिंगचं नाव मॅक्स इनपुट व्हार्स आणि मूळ आकडा १०००. ही मर्यादा जानेवारी २०१२ मध्ये, पीएचपी ५.३.९ मध्ये आली. त्याच्या आदल्याच महिन्यात बर्लिनच्या एका परिषदेत दाखवलं गेलं होतं, की मुद्दाम निवडलेल्या नावांची हजारो फील्ड पाठवली तर सर्व्हर त्यांचा हॅश टेबल (नावावरून किंमत शोधायची आतली यादी) रचण्यातच गुंतून पडतो. त्यावरचा हा उपाय. आता तुमची फील्ड मोजा. १९६ ओळी गुणिले पाच, झाली ९८०. फॉर्मच्या सुरुवातीला टोकन (फॉर्म खरा आहे हे ओळखायची खूण), महिना आणि वर्ष ही तीन. एकूण ९८३. म्हणजे आजवर तुम्ही मर्यादेच्या फक्त १७ फील्ड अलीकडे होतात आणि सगळं सुरळीत होतं. ३४ टिक आल्या, आकडा १०१७ झाला. पीएचपीने पहिली १००० ठेवली, शेवटची १७ टाकून दिली. जी-७०४, ७०३ आणि ७०२ यांची प्रत्येकी पाच मिळून १५, आणि जी-७०१ ची शेवटची दोन, चारचाकी आणि दुरुस्ती. त्या चौघांपैकी कुणाचाही फ्लॅट भाड्याने नसेल तर हिशोब तंतोतंत जुळतो. तिघांचे आयडीच पोचले नाहीत म्हणून त्यांच्या ओळींना कुणी हात लावला नाही. जी-७०१ चा आयडी पोचला, चारचाकीची किंमत पोचली नाही, आणि तुमच्या कोडने त्या रिकाम्या जागेचं शून्य केलं. थकबाकीची दुरुस्तीसुद्धा तिथे शून्य झाली असणार, तीही तपासा. सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये त्या वेळेची ‘इनपुट व्हेरिएबल्स एक्सीडेड’ अशी नोंद सापडेल. पानावर ती सहसा दिसत नाही, कारण तुमचा कोड सुरू होण्याआधीच हे सगळं उरकलेलं असतं. म्हणूनच तुमच्या कोडमधून रनटाइमला ही मर्यादा वाढवता येत नाही. ती पीएचपीच्या आयएनआय फाइलमध्ये किंवा फोल्डरच्या पातळीवरच्या सेटिंगमध्ये बदलावी लागते.

ती ५००० करा आणि मोकळे व्हा, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. मी तसं सांगणार नाही. मर्यादा वाढवून पहिला दोष जात नाही, आणि होस्टिंग बदललं की दुसराही परत येतो. अनेक रेकॉर्डच्या फॉर्मकडे बघायची माझी रीत वेगळी आहे. फॉर्म सर्व्हरवर परत येतो तेव्हा त्यातल्या प्रत्येक ओळीला तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: मी कोणता रेकॉर्ड, भरणाऱ्याने मला कोणत्या अवस्थेत पाहिलं, आणि त्याने माझ्यात काय बदललं. तुमचा फॉर्म फक्त तिसरी गोष्ट सांगतो, पहिली क्रमावर सोडतो आणि दुसरी सांगतच नाही.

पहिल्या गोष्टीचा उपाय सोपा आहे. कंस रिकामा ठेवू नका, त्यात त्या रेकॉर्डची प्रायमरी की, म्हणजे टेबलमधला त्याचा कधीही न बदलणारा आयडी, घाला. ज्या फ्लॅटची की ४१२ आहे त्याच्या फील्डची नावं रीडिंग[४१२], दुचाकी[४१२], चारचाकी[४१२] अशी होतील. सर्व्हरवर आलेल्या प्रत्येक किमतीला तिचा मालक चिकटलेलाच असेल. मधली एखादी ओळ आली नाही तरी पुढच्या ओळी घसरणार नाहीत. आयडीचं वेगळं लपवलेलं फील्डही लागणार नाही. इथे फ्लॅट क्रमांक वापरू नका, कीच वापरा. दोन फ्लॅट जोडले की ‘बी-३०१/३०२’ असं काहीतरी होतं आणि क्रमांकावर उभं केलेलं सगळं कोसळतं.

चेकबॉक्सबद्दल सर्रास सांगितली जाणारी युक्ती अशी: त्याच नावाचं, शून्य किमतीचं लपवलेलं फील्ड चेकबॉक्सच्या आधी ठेवायचं. टिक नसेल तर शून्य पोचतं. टिक असेल तर दोन्ही पोचतात आणि पीएचपी नंतरची किंमत धरतं. कंसात की असेल तर ही युक्ती चालते. रिकाम्या कंसात मात्र ती नवा घोळ घालते, कारण टिक केलेल्या ओळीच्या दोन नोंदी होतात. पण तुमच्या कामासाठी मी चेकबॉक्सच काढून टाकेन. नॉन-ऑक्युपन्सीचा नियम बघा. फ्लॅटमध्ये भाडेकरू असेल तर हे शुल्क लागतं, आणि २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. सभासद स्वतः राहत नसला तरी त्याचे आईवडील किंवा मुलगी राहत असतील तर ते लावायचं नसतं. म्हणजे अवस्था दोन नाहीत, तीन आहेत: स्वतः, कुटुंबीय, भाडेकरू. तीन पर्यायांची ड्रॉपडाउन ठेवा. ड्रॉपडाउन आपली किंमत नेहमी पाठवते, त्यामुळे ‘आलं नाही म्हणजे नाही’ असा अर्थ काढायची वेळच येत नाही. शिवाय उद्या एखाद्या सभासदाने ‘माझी मुलगी राहते, मला का लावलं?’ म्हणून विचारलं तर उत्तर टेबलमध्येच मिळेल.

आता फील्ड परत मोजा. प्रत्येक ओळीत रीडिंग, दुचाकी, चारचाकी, दुरुस्ती, राहणारा आणि एक आवृत्ती क्रमांक, ज्याबद्दल पुढे सांगतो. सहा गुणिले १९६ म्हणजे ११७६, कायमची मर्यादेबाहेर. म्हणून फॉर्म विंगनुसार तोडा. २८ ओळी, १६८ फील्ड. कामाची रीतही हीच आहे: प्लंबर किंवा वॉचमन रीडिंग घेतो ते विंगवार, कागद येतो तोही विंगवार. भरणारा माणूस एक कागद संपवतो, सेव्ह करतो, दुसरा घेतो. याचा आणखी एक फायदा सहसा लक्षात येत नाही. पीएचपीच्या सेशनची, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवण्याची, मूळ मुदत १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं असते. १९६ ओळी भरायला त्याहून जास्त वेळ लागतो, मध्ये कुणी सभासद कार्यालयात पावती मागायला आला तर आणखी जास्त. तेवढ्या वेळात सर्व्हरला एकही विनंती गेली नाही तर सेव्ह दाबल्यावर लॉगिनचं पान समोर येतं आणि सगळी मेहनत वाया जाते. २८ ओळींना ती भीती फारशी उरत नाही.

फॉर्म लहान केला तरी एक राखणदार ठेवाच. फॉर्मच्या अगदी शेवटी ‘शेवट’ नावाचं एक लपवलेलं फील्ड ठेवा आणि सर्व्हरवर सगळ्यात आधी ते आलंय का बघा. नसेल तर फॉर्म मध्येच कापला गेलाय. अशा वेळी एकही ओळ सेव्ह करायची नाही, तसा संदेश द्यायचा आणि थांबायचं. अर्धवट आलेला फॉर्म हा न आलेल्या फॉर्मपेक्षा धोकादायक असतो, कारण त्यावर ‘यशस्वीरीत्या सेव्ह झाले’ असा हिरवा पट्टा झळकतो. तुमच्याकडे तेच झालं.

किमती स्वीकारताना मराठी माणसाच्या सवयी लक्षात घ्या. पीएचपीमध्ये मजकूर सरळ पूर्णांकात बदलला तर ‘१,२५०’ चा १ होतो, कारण स्वल्पविरामापाशी वाचन थांबतं. हा स्वल्पविराम इंग्रजी आकड्यांत असला तरचं बोलतोय. आकडे देवनागरी असतील तर थेट ० होतो. रिकाम्या चौकटीचाही ० होतो. तिन्ही वेळा कोड बिनबोभाट पुढे जातो. म्हणून आधी स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा काढा, देवनागरी अंक इंग्रजीत बदला, मग उरलेलं सगळं अंकच आहे का ते तपासा, आणि त्यानंतरच आकडा म्हणा. नंबर प्रकारचं इनपुट टाळा. त्यात बहुतेक ब्राउझर देवनागरी अंक घेत नाहीत, आणि काही ठिकाणी कर्सर चौकटीत असताना माउसचं चाक फिरवलं की आकडाच बदलतो. २८ ओळींच्या पानावर माणूस चाक फिरवणारच. साधं मजकुराचं इनपुट ठेवा, मोबाइलवर अंकांचा कीबोर्ड उघडावा म्हणून इनपुटमोड न्यूमेरिक द्या. आणि रिकामं रीडिंग म्हणजे शून्य नव्हे. घराला कुलूप होतं, रीडिंग घेता आलं नाही, असा त्याचा अर्थ. ते टेबलमध्ये नल, म्हणजे ‘किंमत माहीत नाही’, म्हणून जाऊ दे. पैशांचे कॉलम फ्लोट (अंदाजे साठवणारा प्रकार) असतील तर ते डेसिमल (अचूक दशांश साठवणारा प्रकार) करा. पैशाचे अपूर्णांक फ्लोटमध्ये अचूक बसत नाहीत आणि वर्षअखेरीला ताळेबंदात तो फरक शोधत बसावं लागतं.

तपासणी सगळ्या ओळींची करा, पहिल्या चुकीला थांबू नका. चुकलेल्या ओळी रंगवून, भरणाऱ्याने टाइप केलेल्या किमती तशाच ठेवून पान परत दाखवा. २७ ओळी बरोबर भरणाऱ्या माणसाला एका चुकीपायी सगळं पुन्हा भरायला लावलं तर पुढच्या वेळी तो घाईत चुकाच जास्त करेल. यात चूक आणि इशारा वेगळे ठेवा. ‘३२क’ ही चूक आहे. मागच्या महिन्यापेक्षा कमी रीडिंग हा इशारा आहे, कारण मीटर बदललेला असू शकतो. इशाऱ्यावर ‘बरोबर आहे, पुढे चला’ म्हणायची सोय हवी, चुकीवर नको.

आता आवृत्ती क्रमांकाकडे येतो. अनेक रेकॉर्डच्या फॉर्ममध्ये सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच दिलं जातं. मॅनेजर सकाळी कार्यालयात जी विंगचं पान उघडतो. तुम्ही घरून तेच पान उघडता आणि जी-४०३ च्या चारचाकीची एक दुरुस्ती करून सेव्ह करता. तासाभराने मॅनेजर रीडिंग भरून सेव्ह करतो. त्याने जी-४०३ च्या चारचाकीला हातही लावलेला नाही, पण त्याच्या पानावर जुनी किंमत होती, ती २८ ओळींसोबत परत गेली आणि तुमची दुरुस्ती पुसली गेली. एका रेकॉर्डच्या फॉर्ममध्ये असं क्वचित घडतं. २८ रेकॉर्ड एकत्र आले की माणूस न बदललेल्या २५ ओळीसुद्धा पुन्हा लिहितो, त्यामुळे शक्यता कितीतरी वाढते. वागळे इस्टेटमधल्या छोट्या कारखान्यांसाठी मी हजेरीचे असे फॉर्म बनवतो. तिथे दोन सुपरवायझर एकाच पाळीचं पान उघडून बसतात, आणि पगाराच्या दिवशी कामगाराचा एक खाडा कुठून आला हे कुणालाच सांगता येत नाही. गरिबाच्या खिशातून पैसे जातात, म्हणून या मुद्द्याबाबत मी हट्टी आहे.

उपाय असा. टेबलमध्ये ‘आवृत्ती’ नावाचा पूर्णांकाचा कॉलम वाढवा. फॉर्ममध्ये प्रत्येक ओळीसोबत आवृत्ती[४१२] हे लपवलेलं फील्ड जाऊ दे. अपडेट करताना अट फक्त ‘आयडी ४१२’ अशी न ठेवता ‘आयडी ४१२ आणि आवृत्ती ७’ अशी ठेवा, आणि त्याच अपडेटमध्ये आवृत्ती एकने वाढवा. मग डेटाबेसला विचारा, किती ओळी बदलल्या? एक, तर ठीक. शून्य, तर दरम्यान कुणीतरी हा रेकॉर्ड बदललाय. इथे मायएसक्यूएलची एक खोड माहीत हवी. नवीन किंमत जुन्या किमतीसारखीच असेल तर ते ‘शून्य ओळी बदलल्या’ असं सांगतं, जरी अटीत बसणारी ओळ सापडली असली तरी. आवृत्ती दर वेळी वाढत असल्याने ओळ खरोखर बदलतेच, म्हणून या रचनेत तो घोटाळा होत नाही. आवृत्तीऐवजी ‘शेवटचा बदल’ अशी वेळ ठेवून हेच करायला गेलात तर एकाच सेकंदातले दोन बदल वेगळे ओळखता येणार नाहीत. पूर्णांकच बरा.

एवढ्यावर थांबलात तर मॅनेजरला न बदललेल्या ओळीवरही ‘संघर्ष’ दिसेल आणि तो वैतागेल. म्हणून सोबत इतिहासाचं एक टेबल ठेवा: फ्लॅटची की, महिना, आवृत्ती, सगळ्या किमती, कुणी आणि कधी. प्रत्येक बदलाची प्रत त्यात जाते. फॉर्म परत आला की प्रत्येक ओळीसाठी आधी इतिहासातून त्या आवृत्तीच्या किमती काढा आणि आलेल्या किमतींशी ताडून बघा. सारख्या असतील तर भरणाऱ्याने ती ओळ बदललेलीच नाही. मध्ये दुसऱ्या कुणी काही केलं असलं तरी ती सोडून द्या. वेगळ्या असतील तरच आवृत्तीच्या अटीसह अपडेट करा. खरा संघर्ष उरेल तेव्हा संदेश नेमका द्या: ‘जी-४०३: तुम्ही रीडिंग ३१८ भरलंय. दरम्यान कार्यालयातून ३८१ भरलं गेलं. कोणतं ठेवायचं?’ असा संदेश पाहिला की माणूस कागद पुन्हा बघतो आणि आकडे उलटे वाचल्याचं तिथल्या तिथे पकडतो. वार्षिक लेखापरीक्षणात एखादी रक्कम कधी बदलली असं विचारलं गेलं तर हाच इतिहास हाताशी असतो.

सगळे अपडेट एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे ‘सगळं होईल किंवा काहीच नाही’ अशा गठ्ठ्यात, बांधा. सुरुवात करा, स्टेटमेंट एकदाच प्रिपेअर करा (किमतींच्या जागा मोकळ्या ठेवून डेटाबेसला आधी कळवा), बदललेल्या ओळींसाठी तेच पुन्हा पुन्हा चालवा, इतिहासाच्या नोंदी घाला, मग कमिट, म्हणजे पक्कं करा. मध्ये कुठेही संघर्ष किंवा एरर आली तर रोलबॅक, म्हणजे सगळं मागे घ्या. काही जण म्हणतात की ज्या ओळी बरोबर आहेत त्या सेव्ह होऊ द्याव्यात. सभासदांच्या फोन नंबरांच्या यादीला ते चालेल. बिलाला चालत नाही. अर्धी विंग नव्या आकड्यांवर आणि अर्धी जुन्यांवर अशी अवस्था पाच मिनिटंही राहता कामा नये. ट्रान्झॅक्शन चालण्यासाठी टेबल इनोडीबी प्रकारचं हवं. मायएसक्यूएल ५.५ पासून नवीन टेबल आपोआप त्याच प्रकारचं होतं, पण जुन्या प्रणालीतून आणलेली टेबलं मायआयसॅम असू शकतात. त्यावर रोलबॅक म्हटलं तरी डेटा मागे फिरत नाही. शो टेबल स्टेटसने एकदा खात्री करा. ओळी कीच्या चढत्या क्रमाने अपडेट करा. दोन जण एकाच वेळी उलटसुलट क्रमाने तेच रेकॉर्ड धरायला गेले की डेडलॉक होतो आणि डेटाबेस त्यातल्या एकाला १२१३ ही एरर देऊन बाहेर काढतो. क्रम सारखा असेल तर दुसरा फक्त थोडा वेळ थांबतो.

सगळं एकाच क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत) बसवायचा मोह टाळा. इन्सर्टला ‘की आधीच असेल तर अपडेट’ अशी पुस्ती जोडणारी रचना संपादनाच्या फॉर्ममध्ये वापरू नका, कारण नसलेला आयडी आला तर ती गुपचूप नवा रेकॉर्ड तयार करते. २८ छोटे अपडेट एका ट्रान्झॅक्शनमध्ये पुरेसे वेगाने होतात. वेळ जातो तो प्रत्येक अपडेटनंतर स्वतंत्र कमिट केल्याने.

ब्राउझरमधून आलेल्या कीवर विश्वास ठेवू नका. फॉर्ममधला ४१२ बदलून ५१२ करणं कुणालाही जमतं. आज तुमची एकच सोसायटी आहे, पण ही प्रणाली शेजारच्या सोसायटीने मागितली की दोघांचे रेकॉर्ड एकाच टेबलमध्ये येतील. अपडेटच्या अटीत सोसायटीचा आयडीही घाला आणि तो सेशनमधून घ्या, फॉर्ममधून नाही. महिन्याची बिलं निघाली असतील तर तो महिना बंद आहे का, हेही तिथेच तपासा. किमती क्वेरीच्या मजकुरात जोडू नका, प्रिपेअर्ड स्टेटमेंटमधूनच जाऊ द्या. सेव्ह झाल्यावर पान थेट न दाखवता रीडायरेक्ट करा (ब्राउझरला दुसऱ्या पत्त्यावर पाठवा), म्हणजे रिफ्रेश दाबल्यावर फॉर्म दुसऱ्यांदा जाणार नाही.

पानाबद्दल दोन गोष्टी. पहिली एंटरची. आकडे भरणारा माणूस खालच्या ओळीत जायला एंटर दाबतो आणि अर्धा भरलेला फॉर्म निघून जातो. त्यातही एचटीएमएलच्या नियमाप्रमाणे एंटर दाबलं की फॉर्ममधलं क्रमाने पहिलं सबमिट बटण दाबलं गेलं असं धरतात. प्रत्येक ओळीत ‘काढून टाका’ असं बटण ठेवलं असेल तर ते पहिलं बटण पहिल्या फ्लॅटचं असतं, आणि एंटरने ए-१०१ उडतो. ओळीतल्या बटणांना टाइप बटन द्या, आणि थोड्या जावास्क्रिप्टने एंटरला खालच्या चौकटीत पाठवा. दुसरी गोष्ट, प्रत्येक ओळीला वेगळा फॉर्म करायचा विचार आला तर टीआरमध्ये (टेबलच्या ओळीच्या टॅगमध्ये) फॉर्मचा टॅग घालू नका. टेबलच्या आत तो तिथे वैध नाही आणि ब्राउझर त्याची मोडतोड करतो. इनपुटला फॉर्म नावाचं ॲट्रिब्यूट देऊन ते बाहेरच्या फॉर्मला जोडता येतं. ज्या ओळी बदलता येऊ नयेत त्यांतली मजकुराची फील्ड रीडओन्ली करा. डिसेबल्ड केलेलं फील्ड ब्राउझर पाठवत नाही, आणि मग चेकबॉक्सचीच कथा पुन्हा.

जँगो किंवा रेल्स अशी वेबसाइट बनवायची तयार चौकट वापरत असाल तर यातलं बरंच आयतं मिळतं. जँगोचा मॉडेल फॉर्मसेट (अनेक रेकॉर्डचा फॉर्म) प्रत्येक ओळीसोबत की पाठवतो, आणि परत आल्यावर ती तुम्ही दिलेल्या क्वेरीसेटमध्ये, म्हणजे निवडलेल्या रेकॉर्डच्या संचात, शोधतो. फक्त पोस्टच्या वेळीही, म्हणजे फॉर्म परत येतो तेव्हाही, सोसायटीपुरता मर्यादित केलेला तोच क्वेरीसेट द्यायला विसरू नका. जँगोतही मूळ मर्यादा १००० फील्डचीच आहे, पण ते उरलेली टाकून न देता सरळ ४०० ची एरर देतं, आणि मला तेच योग्य वाटतं. आवृत्ती क्रमांकाचं काम रेल्समध्ये लॉक व्हर्जन नावाचा कॉलम ठेवला की आपोआप होतं; जँगोमध्ये ते स्वतः लिहावं लागतं.

राहिली निघालेली बिलं. ज्या कागदी यादीवरून ३४ टिक केल्यात ती जपून ठेवा, कारण टेबलमध्ये आता ए विंग आणि बी-ची सहा घरंच भाड्याने आहेत, आणि पुढच्या महिन्याचा फॉर्म उघडला की त्याच टिक दिसतील. तशाच सेव्ह केल्या तर त्याच ३४ जागी पुन्हा बसतील आणि चूक स्थिर होऊन जाईल. त्यामुळे नवा कॉलम यादीवरूनच भरा, जुन्या टिकवरून नाही. निघालेली बिलं डेटाबेसमध्ये मागे जाऊन बदलू नका. ती सभासदांच्या हातात आहेत. ज्यांना चुकून शुल्क लागलं त्यांना पुढच्या बिलात तेवढं क्रेडिट द्या आणि त्या रकमेवर थकबाकीचं व्याज लागणार नाही असं बघा. सुटलेल्या भाडेकरू फ्लॅटना डेबिट टाकताना कोणत्या महिन्याचं ते लिहा. जी-७०१ ला चारचाकी आणि दुरुस्ती दोन्ही वेगळ्या ओळींनी दाखवा. जी-७०२, ७०३ आणि ७०४ यांचं पुढचं रीडिंग दोन महिन्यांचं मिळून येईल. तुमचा पाण्याचा दर टप्प्याटप्प्याने वाढत असेल तर तो वापर आधी दोन महिन्यांत विभागा आणि मग दर लावा, नाहीतर त्या तिघांना विनाकारण वरच्या टप्प्याचा दर लागेल. गेल्या महिन्याच्या कागदावर त्यांचं रीडिंग लिहिलेलं असेलच. विभागणी त्यावरूनच करा.